वाळवंटात वारा काय काय करतो

नदी जमीन कोरते हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या ओढ्याने पावसाळ्यात काठ किती खाल्ला ते आपण दर वर्षी बघतोच. पण जिथं ओढाच नाही, पाणीच नाही, तिथं जमीन कोण कोरत असेल? तिथं वारा कोरतो. वाऱ्याला हात नाहीत आणि दातही नाहीत. तरी तो दगडसुद्धा खातो. कसा खातो ते या लेखात सांगितले आहे.

आपल्या देशातलं मोठं वाळवंट राजस्थानात आहे. त्याचं नाव थर. ते सुमारे 2 लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा थोडा भाग पाकिस्तानात जातो. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, जोधपूर ही गावं नकाशात शोधा म्हणजे थरचं वाळवंट सापडेल. जैसलमेरला वर्षाला साधारण 20 सेंटिमीटरच पाऊस पडतो. म्हणजे वर्षभराचा सगळा पाऊस एका डब्यात साठवला आणि त्यात आपली 30 सेंटिमीटरची पट्टी उभी केली, तरी ती बुडायची नाही. ऊन मात्र फार. फलोदी नावाच्या गावात 19 मे 2016 या दिवशी 51 अंश तापमान झालं होतं.

पुष्कळ मुलांना वाटतं की वाळवंट म्हणजे नुसती वाळू. मलाही चित्रात उंट आणि वाळूच दिसायची. पण गुरुजी म्हणाले, जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकी सगळा खडक, दगडगोटे, कडक जमीन. जैसलमेरच्या आजूबाजूलासुद्धा पिवळ्या दगडाची जमीन आहे. मग वाळू एका जागी आणि दगड एका जागी, असं वेगळं कोणी केलं? तेही वाऱ्यानेच केलं.

हे समजायला आपलं खळं आठवा. उफणताना बाबा तिवईवर उभे राहतात आणि पाटी वाऱ्यात हळूहळू रिकामी करतात. दाणे खाली पायाशी पडतात. भूस थोडं लांब पडतं. आणि अगदी बारीक कोंडा असतो तो उडून शेजारच्या रानात जातो, अंगाला खाज सुटते ती त्याचीच. वारा एकच, पण जडाचं वेगळं आणि हलक्याचं वेगळं होतं. वाळवंटात रोज उफणणी चालू आहे असं समजा. धूळ म्हणजे कोंडा, ती शेकडो कोस जाते. वाळू म्हणजे भूस. दगडगोटे म्हणजे दाणे, ते जागेवर राहतात. वारा वरची माती नेतो, नेतो, आणि शेवटी नुसते गोटे उरतात. एकाला एक चिकटून फरशी बसवल्यासारखे दिसतात. अशी फरशी झाली की खालची माती वाचते, कारण वाऱ्याला आता ती सापडतच नाही. पण तिच्यावरून गाडी घालून ती मोडली की पुन्हा धूळ उडायला लागते.

आता वाळू उडते कशी ते सांगतो. मला वाटायचं वाळू ढगासारखी वर उडते. तसं नाही. वर उडते ती धूळ. वाळूचा दाणा उड्या मारतो! बॅग्नोल्ड नावाचे एक इंग्रज इंजिनिअर होते. ते मोटारगाडीने आफ्रिकेतल्या वाळवंटात हिंडले, पुढे त्यांनी घरी येऊन एका लांब पेटीत वाळू पसरून तिच्यातून वारा सोडला आणि दाणे कसे पळतात ते मोजलं. 1941 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना असं दिसलं की वाऱ्याने दाणा उचलला की तो थोडा वर जातो, वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि तिरका खाली आपटतो. आपटला की तिथले दुसरे दाणे उडतात. ते पुढे जाऊन आपटतात, आणखी उडतात. कॅरमच्या सोंगट्यांसारखं. सरकणाऱ्या वाळूचे चार भाग केले तर तीन भाग वाळू अशी उड्या मारत जाते, आणि एक भाग जाडी वाळू धक्के खात जमिनीवरून रांगत जाते.

यात एक गणित आहे ते मला फार आवडलं. उडी मारणारा बारीक दाणा आपल्यापेक्षा सहापट जाड दाण्याला ढकलू शकतो. सहापट जाड म्हणजे वजन सहापट नाही हं. लांबी सहापट, रुंदी सहापट, उंची सहापट. 6 × 6 × 6 = 216. म्हणजे दोनशेपट जड दाण्याला तो ढकलतो! आमच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीने ट्रक ढकलल्यासारखं झालं.

वाळू हलायला वाराही जरा जोराचा लागतो, ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. त्यापेक्षा कमी असला तर वाळू गप्प बसते. आणि ओली असली तर मोठ्या वाऱ्यातही बसून राहते. हे तुम्ही करून बघा. परातीत नदीची बारीक वाळू घ्या, उन्हात चांगली वाळवा आणि वहीच्या पुठ्ठ्याने एका बाजूने वारा घाला. मग त्यावर थोडं पाणी शिंपडा आणि पुन्हा तसाच वारा घाला. डोळे मात्र मिटून घ्या, किंवा परात आधी जमिनीवर ठेवून लांब बसा.

दगड खायचं काम ही उड्या मारणारी वाळू करते. नुसता वारा दगडाला काही करत नाही. सुतारकाका लाकूड घासायला वाळूचा कागद वापरतात ना? कागदाने काही होत नाही, त्याच्यावरची खर घासते. तसंच वारा म्हणजे कागद आणि वाळू म्हणजे खर. वाळू फार उंच उडत नाही, पुष्कळशी गुडघ्याच्या खालीच असते. त्यामुळे खडक खालून जास्त झिजतो आणि वरून कमी. हजारो वर्षं असं चाललं की खालची मान बारीक होते आणि वर डोकं मोठं राहतं. पुस्तकात याला भूछत्र खडक म्हणतात. पावसाळ्यात उकिरड्यावर छत्र्या उगवतात, अगदी तशी छत्री, पण दगडाची, आणि घराएवढी. इजिप्त देशात पांढऱ्या दगडाचं एक वाळवंट आहे, तिथं अशा पुष्कळ छत्र्या आहेत. बाजूचं चित्र त्याचंच आहे, ते माझ्या ताईने काढलं आहे. उंट मी काढला.

पण सगळं श्रेय वाऱ्यालाच द्यायचं नाही. खडकाच्या बुडाशी ओल आणि मीठ असतं, त्याने खालचा दगड आधीच पोकळ, ठिसूळ झालेला असतो. दिवसा तापून रात्री गार झाल्याने भेगाही पडतात. आणि वाळवंटात कधी कधी एकदम धो धो पाऊस येतो, तो एका दिवसात ओढे खणून टाकतो. वारा मागून येऊन साफसफाई करतो. हे मला सांगावंसं वाटलं, कारण पुस्तकात एकट्या वाऱ्याचंच नाव असतं.

विजेचे किंवा तारेचे खांब वाळवंटात रोवले की त्यांच्या बुडाशी दगड रचतात असं मी वाचलं. आधी कळलं नाही का ते. आता कळलं. लाकडी खांब खालूनच कुरतडला जातो!

इराणमध्ये लूत नावाचं वाळवंट आहे. तिथं वाऱ्याने मऊ जमिनीत लांबच लांब चर पाडले आहेत आणि मधे उंच वरंबे राहिले आहेत. नांगराने तास पाडावेत तसे, पण एकेक वरंबा किल्ल्याच्या तटाएवढा. सगळे वाऱ्याच्या दिशेने एका रांगेत. त्यांना यारदांग म्हणतात. विमानातून पाहिलं तर राक्षसाने शेत नांगरल्यासारखं दिसत असेल.

काही ठिकाणी वारा खड्डाच पाडतो. माती उडवून उडवून जमीन खोल जाते. इजिप्तमध्ये कत्तारा नावाचा खड्डा आहे. त्याचा तळ समुद्राच्या पाण्याच्या पातळीपेक्षा 133 मीटर खाली आहे! तिथंही मिठाने खडक पोखरला आणि वाऱ्याने भुगा नेला. मग वारा आणखी खाली का जात नाही? तर खाली पाणी लागतं. ओली माती उडत नाही, हे आपण परातीत पाहिलंच. म्हणजे वाळवंटात वाऱ्याला थांबवणारं पाणीच, आणि तेही जमिनीच्या पोटातलं. अशा खोलगट जागी पाणी जवळ आलं की खजुराची झाडं होतात, माणसं राहतात. त्याला मरूद्यान म्हणतात.

आता वाळूच्या टेकड्या. राजस्थानात त्यांना धोरा म्हणतात. जैसलमेरपासून पश्चिमेला 40 किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे, तिथले धोरे प्रसिद्ध आहेत, लोक बघायला जातात. ही वाळू मूळची सिंधू नदीने आणि जुन्या काळच्या इतर नद्यांनी आणलेली आहे असं सांगतात. नद्यांनी आणून टाकली, वाऱ्याने रचली.

टेकडी कशी होते? वाऱ्याच्या वाटेत एखादं झुडूप किंवा दगड आला की त्याच्या मागे वारा मंदावतो आणि हातातलं ओझं खाली टाकतो. आपल्या कडब्याच्या गंजीमागे उन्हाळ्यात पाचोळा आणि फुफाटा साठतो तसा. एकदा ढीग झाला की ढीगच वाऱ्याला अडवतो आणि वाढत जातो. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा उतार सोपा असतो, पळत चढता येईल असा. वाळू तिकडून चढते आणि शेंड्यावर पोचली की पलीकडे घसरून पडते. पलीकडचा उतार फार उभा असतो. पण किती उभा? साधारण 34 अंश, त्याहून जास्त नाही. ज्वारीची रास बघा. वरून कितीही दाणे ओता, रास एका ठरावीक उतारापेक्षा उभी राहत नाही, दाणे घरंगळतात आणि रास रुंद होते. वाळूचंही तसंच.

आता गंमत अशी की एका बाजूची वाळू दुसऱ्या बाजूला पडत राहिली तर काय होईल? टेकडी चालायला लागेल! खरंच चालते. चंद्रकोरीसारखी एक टेकडी असते, तिला बारखाण म्हणतात. तिची दोन शिंगं वारा जिकडे जातो तिकडे असतात, कारण कडेला वाळू थोडी, म्हणून ती भरभर पुढे जाते, आणि मधला जाड भाग मागे राहतो. शिंगं बघून वारा कुठून कुठे वाहतो ते सांगता येतं. लहान बारखाण एका वर्षात दहा-वीस मीटरसुद्धा सरकते. मोठी हळू सरकते, कारण तिची वाळू जास्त, सगळी वाहून न्यायला वाऱ्याला वेळ लागतो. बाजारचं ओझं घेतलेला माणूस हळू चालतो तसं.

पण थरमधल्या पुष्कळ टेकड्या उलट्या असतात. गुरुजींनी मोबाईलवर उपग्रहावरून काढलेला फोटो दाखवला, तेव्हा आम्ही आधी शिंगं बघून वाऱ्याची दिशा सांगितली आणि गुरुजी हसायला लागले. तिथं उन्हाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहतो, आणि फोटोत शिंगं नैर्ऋत्येकडेच! असं का? कारण तिथं गवत आणि झुडपं आहेत. टेकडीच्या दोन्ही कडा झुडपांच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. मधला भाग मोकळा, तो वाऱ्याबरोबर पुढे पळतो आणि कडा मागे राहतात. केसांना लावायच्या आकड्यासारखा आकार होतो. म्हणजे नुसता आकार बघून सांगता येतं की इथं झाडं आहेत की नाहीत. हे मला या सगळ्यात भारी वाटलं.

वाळूच्या दाण्याबद्दल एक राहिलं. उड्या मारून आणि एकमेकांवर आपटून वाळवंटातले दाणे गोल आणि गुळगुळीत होतात. त्यामुळे ती वाळू बांधकामाला चांगली चालत नाही, सिमेंटमध्ये घट्ट बसत नाही. खडबडीत अशी नदीचीच वाळू लागते. आपल्या नदीची वाळू रात्री ट्रॅक्टर नेतात, ते काम वाऱ्याचं नाही, ते सगळ्यांना माहीत आहे.

माझा मामा सीमा सुरक्षा दलात आहे. तो दोन वर्षं जैसलमेरकडे होता. मामा सांगतो की आंधी येते तेव्हा आधी आकाश पिवळं होतं, मग दुपारी दिवा लावायची वेळ येते. कान, नाक, अंथरूण, आमटी, सगळीकडे वाळू. भाकरी खाताना दातात कचकच वाजते. सरहद्दीवर तारेचं कुंपण आहे, तिथं काही ठिकाणी धोरा सरकत येतो आणि कुंपण वाळूत गडप होतं. ते पुन्हा मोकळं करावं लागतं. रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवरही वाळू येते. आणि शेतात आली तर? बाजरी उगवली आणि रात्रीतून वाळूखाली गेली तर शेतकऱ्याने पुन्हा बी कुठून आणायचं?

हे ऐकल्यावर आमच्या वर्गात भांडण झालं. एक मुलगा म्हणाला, आपल्या माळाचंही एक दिवस वाळवंट होणार, उन्हाळ्यात वावटळी किती येतात बघा. दुसरे म्हणाले, आपल्याकडे साधारण 50 सेंटिमीटर पाऊस पडतो, वाळवंट कसलं होतंय! गुरुजींनी कोणालाच बरोबर म्हटलं नाही. त्यांनी अमेरिकेची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मधल्या भागात मोठी गवताळ मैदानं होती. लोकांनी गहू पेरायला ते गवत ट्रॅक्टरने नांगरून टाकलं. पुढे 1930 नंतर दुष्काळ पडला. गवत नाही, पीक नाही, माती भुसभुशीत. वारा आला आणि माती घेऊन गेला. 1934 च्या मे महिन्यात ती धूळ न्यूयॉर्क शहरापर्यंत पोचली. 14 एप्रिल 1935 ला तर एवढं काळं वादळ आलं की त्या रविवारला लोक अजून काळा रविवार म्हणतात. लाखो लोकांना घर सोडून जावं लागलं. तिथं वाळवंट नव्हतं, तरी झालं. मग तिथल्या सरकारने 1934 ते 1942 पर्यंत शेतांच्या कडेने सुमारे 22 कोटी झाडं लावली.

मी घरी येऊन बाबांना विचारलं की आपण नांगरल्यावर आपली माती का जात नाही? बाबा म्हणाले, म्हणूनच नांगरट झाल्यावर ढेकळं फोडायची नसतात. ढेकूळ जड असतं, वारा त्याला उचलत नाही, आणि दोन ढेकळांच्या मधे वारा अडखळतो. पाऊस जवळ आला की मग कुळवायचं. ज्वारीची धसकटं उभी असली तरी माती धरून राहते. बाबांनी बॅग्नोल्ड वाचलेला नाही, पण ते बरोबर बोलले.

राजस्थानातही धोरे थांबवायचं काम चालतं. जोधपूरला 1959 सालापासून वाळवंटी भागाचा अभ्यास करणारी मोठी सरकारी संस्था आहे. तिथल्या लोकांनी असं ठरवलं की आधी धोऱ्यावर वाळलेल्या झुडपांच्या काटक्या आडव्या ओळींत पुरायच्या, वाऱ्याला आडव्या. गुडघ्याएवढंच छोटं कुंपण. वाळू गुडघ्याच्या खालूनच पळते ना, म्हणून तेवढं पुरतं. वाळू थांबली की मधे गवत आणि बाभळीची रोपं लावायची. चीनमध्ये तर गव्हाच्या काडाने वाळूवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करतात, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. 1958 साली तिथं वाळवंटातून रेल्वे सुरू झाली, ती या काडाच्या चौकोनांनी वाचवली. परातीत काडेपेटीच्या काड्या ओळीत रोवून हेही करता येतं. आम्ही केलं. तीन ओळी रोवल्या तर वाळू दुसऱ्या ओळीच्या पुढे गेली नाही.

धुळीला मात्र कुंपण नाही. ती कुठेही जाते. 23 जानेवारी 2022 ला मुंबईत आणि पुण्याकडे सगळ्या मोटारींवर पांढरी पूड बसली होती, आणि समोरच्या इमारती दिसत नव्हत्या. ती धूळ पाकिस्तानकडून समुद्रावरून आली होती. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची धूळ तर अख्खा महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलावर पडते आणि त्या झाडांना तिचं खत होतं. चीनमध्ये वाऱ्याने आणलेल्या धुळीचा शंभर मीटरपेक्षा जाड थर आहे. तो पिवळा आहे आणि सुपीक आहे, आणि लोक त्यात गुहेसारखी घरं खोदून राहतात. एकाकडून नेलं आणि दुसऱ्याला दिलं. मंगळ ग्रहावरही वाळूच्या टेकड्या आहेत, आणि तिथल्या एका जागेला बॅग्नोल्ड यांचंच नाव दिलं आहे.

थरमधली वाळू धरून ठेवणारं एक झाड आपल्या ओळखीचं आहे. तिकडे त्याला खेजडी म्हणतात. आपण त्यालाच शमी म्हणतो, दसऱ्याला पूजा करतो ती. आपल्याकडे मारुतीच्या देवळामागे आहे बघा. तिची मुळं फार खोल जातात, म्हणून ती पाण्यावाचून जगते. जोधपूरजवळ खेजडली नावाचं गाव आहे. तिथं 1730 साली राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली. तेव्हा अमृतादेवी बिश्नोई नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिला मारलं, तिच्या मुलींना मारलं, तरी लोक येऊन झाडांना मिठ्या मारतच राहिले. त्या दिवशी 363 माणसं मेली. मग राजाने तोड थांबवली. 1983 पासून खेजडी हे राजस्थानचं राज्यवृक्ष आहे. तिकडचे शेतकरी शेतातली खेजडी नांगरताना काढत नाहीत, तिच्या आजूबाजूने नांगरतात. तिच्या शेंगांना सांगरी म्हणतात आणि त्याची भाजी करतात. मामाने एकदा वाळवलेली सांगरी आणली होती. आईने ती भिजवून आपल्यासारखी शेंगदाण्याचा कूट घालून केली. आजी म्हणाली गवारीसारखी लागते. मला चांगली लागली.

– इयत्ता चौथी